अस्वलिणीच्या खांद्यावरची जखम

१

“हा फोटो माझा आहे,” अपूर्वा म्हणाली. तेही अशा आवाजात, की पलीकडे टेबलावर प्रेट्झेल मांडणाऱ्या बाईंचा हात थांबला.

म्युनिकजवळच्या गार्चिंगच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये स्थानिक फोटोक्लबचं प्रदर्शन होतं. मधल्या भिंतीवर पहिल्या बक्षिसाचा फोटो लावला होता. करड्या पाण्यातून अस्वलीण चालली आहे, पाठीवर तिचं पिल्लू घट्ट धरून बसलं आहे, आणि पिल्लाच्या कानाच्या टोकाला पाण्याचा एक थेंब लोंबतो आहे. खाली पाटी होती ‘सत्यजित देवस्थळी’. पाटीशेजारी खुद्द सत्यजित नव्या ब्लेझरमध्ये उभा होता आणि त्याची बायको सुकन्या त्याच्या बाहीवरची न दिसणारी धूळ झटकत होती.

“अगं, आपण एकाच बोटीत होतो,” सत्यजित हसून म्हणाला. “तुझाही असाच आला असेल.”

“असाच नाही. हाच. त्या संध्याकाळी मी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर हा थेंब पाहिला होता.”

“म्हणजे मी चोर?” सत्यजितचं हसू गेलं. “खोटं बोलायलाही काही मर्यादा असते, अपूर्वा!”

सगळं मराठीत चाललं होतं, पण भांडण कळायला भाषा लागत नाही. आजूबाजूचे जर्मन लोक सभ्यपणे दुसरीकडे बघत होते आणि कान इकडे देऊन होते. परीक्षकांत अपूर्वाचे पीएचडीचे प्रोफेसरही होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

देवदत्त गोखले हे सगळं कोपऱ्यातून, कॉफीचा कप हातात धरून बघत होता. त्याच्या मनात पाल चुकचुकली ती मात्र पुढच्या वाक्याला. एक वयस्क प्राणिशास्त्रज्ञ बाई फोटोपाशी वाकल्या होत्या. वातावरण निवळावं म्हणून असेल, त्या म्हणाल्या, “अरेरे, बिचारीला खांद्यावर लागलंय. कशानं हो?”

खरंच, उजव्या खांद्यावर केस गेलेली एक गोल जागा होती, आणि त्या जागेच्या जरा वर तशीच एक छोटी. दोन्ही अगदी रेखीव होत्या.

“जखम?” अपूर्वा फोटोकडे बघतच राहिली. “हिला जखम नव्हती.”

आता सगळे उघडपणे तिच्याकडे बघायला लागले. फोटो माझा म्हणणाऱ्या मुलीला फोटोत काय आहे तेच माहीत नव्हतं.

२

देवदत्तचा धंदाच संशयाचा. म्युनिकच्या एका मोटारकंपनीत तो तुटलेल्या भागांची तपासणी करायचा. गिअर मोडला, बेअरिंग घासलं, की तो भाग त्याच्या टेबलावर यायचा आणि पाठोपाठ पाचसहा माणसं यायची. सगळ्यांचं म्हणणं एकच, आम्ही काही केलं नाही. पंचवीस वर्षं हेच ऐकून तो माणसांपेक्षा मोडक्या लोखंडावर जास्त विश्वास ठेवायला लागला होता. ऊर्मिला, म्हणजे त्याची बायको, या सवयीला पार वैतागलेली. फ्रिजमधलं श्रीखंड कमी झालं तरी हा चमचे तपासतो म्हणायची.

“बेअरिंगवाल्याकडे आता बेअरची केस,” अपूर्वाला दारात बघून ती म्हणाली. मग तिचे सुजलेले डोळे दिसले तशी चहा टाकायला गेली.

अपूर्वानं पत्र पुढे ठेवलं. क्लबचं म्हणणं साधं होतं. शुक्रवारपर्यंत फोटो तुमचा असल्याचा पुरावा द्या, नाहीतर आरोप लेखी मागे घ्या.

“घे की मागे,” देवदत्त मुद्दामच म्हणाला. “एका फोटोसाठी एवढं काय?”

“काका, माझी पीएचडी कशात आहे? खराब चित्रं साफ करण्यात. चित्रात जे नाही ते घालायचं नाही, जे आहे ते पुसायचं नाही, यावर माझं सगळं काम उभं आहे. प्रोफेसर काल एवढंच म्हणाले, की चित्राबद्दल खोटं बोलणारं माणूस मला लॅबमध्ये चालणार नाही. आरोप मागे घेतला म्हणजे मी खोटारडी हे मीच लिहून दिलं.” तिचा आवाज चिरकला. “आईबाबांना काय सांगू मी?”

देवदत्तला तिची दया आली. पण दया वेगळी आणि तपास वेगळा. त्यानं तिला पहिल्यापासून सांगायला लावलं.

जूनमध्ये चौघं कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर गेले होते. सत्यजित, सुकन्या, अपूर्वा आणि या हौशी मंडळींतले ज्येष्ठ पद्माकरकाका. देवदत्तला तलावातल्या होडीतसुद्धा मळमळतं, म्हणून तो मागे राहिला. तिथे रबरी बोटीत बसून खाडीकाठची अस्वलं टिपायची. बोट एवढीशी, उभं राहायला बंदी. नावाड्यानं मोटर बंद केली की सगळे एका बाजूला खांद्याला खांदा लावून बसायचे. बोट डुलायची, म्हणून एका दमात पन्नास फोटो काढायचे तेव्हा एखादा धड यायचा. अपूर्वा आणि सत्यजित शेजारी होते. कॅमेरेही एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे.

“आणि मूळ फाइल?”

“रोज संध्याकाळी सुकन्याताई सगळ्यांची कार्डं ग्रुपच्या डिस्कवर उतरवायची. मग कार्डं पुसून दुसऱ्या दिवशी वापरायची, हा पद्माकरकाकांचा नियम. परत आल्यावर डिस्क आधी पद्माकरकाकांकडे होती, मग सत्यजितदादाकडे, शेवटी माझ्याकडे आली. बाकी सगळं होतं. फक्त त्या एका दुपारचं माझं फोल्डर रिकामं होतं. मला वाटलं कॉपी होताना बिघडलं असेल. मी कुणाला काही बोललेही नाही.”

“सत्यजितकडे मूळ फाइल असेल ना? क्लबनं मागितली असेलच.”

“त्याच्याकडेही नाही. फक्त सुधारलेलं चित्र आहे, आणि त्या सॉफ्टवेअरमधून बाहेर पडताना कॅमेऱ्याची सगळी माहिती गळून गेलीये.”

“तू तुझे फोटो कसे सुधारतेस?”

“माझाच प्रोग्रॅम आहे. नॉइज, धूळ, रंग, सगळं आपोआप. मी मूळ फाइल उघडून बघतसुद्धा नाही.”

“आता शेवटचं सांग. जखम होती की नव्हती?”

“नव्हती, काका. देवाशपथ नव्हती.”

ती गेल्यावर ऊर्मिलानं विचारलं, “खरं बोलतेय ना रे?”

“फोटोत जखम आहे आणि ही नाही म्हणते,” देवदत्त म्हणाला. “एक तर फोटो खोटा, नाहीतर मुलगी.”

३

पद्माकरकाका साठीचे. मोटारींची डिझाइनं करण्यात आयुष्य गेलेलं, बोलणं गोड. पण आज त्यांनी देवदत्तला आत बोलवायलाच वेळ लावला. आत घेतल्यावरही बसायला सांगायचं विसरले.

“डिस्क माझ्याकडे होती खरी,” ते म्हणाले. “पण म्हणून काय मी पुसलं?”

“मी कुठे तसं म्हटलं?”

“म्हणायला कशाला हवं? बघण्यात आहे ते.” काका खिडकीशी गेले, परत आले. “अपूर्वा गेल्या वर्षी सगळ्यांदेखत म्हणाली होती, की काकांचे सुधारलेले फोटो लग्नाच्या अल्बमसारखे दिसतात. मला लागलं ते. पण मी तिच्यावर असा डूख धरेन असं वाटतं तुला?”

देवदत्तला तसं वाटत होतं. निदान वाटायला हरकत नव्हती. दुखावलेला ज्येष्ठ माणूस, हाताशी डिस्क आणि महिनाभर सवड. त्यानं विषय बदलला. “त्या दुपारी तुम्ही काय काढलंत?”

“काही नाही.”

“काहीच नाही?”

काका ओशाळले. मग त्यांनी खिशातून फोन काढला. “अरे, माझ्या त्या मोठ्या लेन्सचा गारठ्यानं बोऱ्या वाजला होता. आणि मीच सगळ्यांना बजावून ठेवलेलं, की फोनवर व्हिडिओ काढणारा तो फोटोग्राफर नव्हे. मग गुपचूप काढला. कुणाला दाखवला नाही अजून. तू हसणार नसलास तर बघ.”

त्यांच्या आढेवेढ्यांचं कारण एवढंच होतं. देवदत्त हसला नाही, कारण स्क्रीनवर अस्वलीण आली होती. बोट डुलत होती, चित्र हलत होतं, मागून सुकन्याचा “बाई गं!” ऐकू येत होता. पिल्लू पाठीवर चढलं. अस्वलीण उजवी कूस बोटीकडे करून पाण्यातून चालत गेली, फोटोत होती अगदी तशीच. देवदत्तनं व्हिडिओ थांबवला आणि बोटांनी मोठा केला.

खांदा ओला होता, तपकिरी होता, आणि केसांनी गच्च भरलेला होता. जखमेचं नाव नव्हतं.

“काका, हीच ना ती? दुसरी नव्हती ना?”

“पिल्लू पाठीवर घेतलेली ही एकच दिसली आम्हाला सगळ्या ट्रिपमध्ये.”

मुलगी खरं बोलत होती. मग फोटोत जखम आली कुठून?

४

सत्यजितनं मात्र दार उघडताच मिठी मारली. “ये, ये! तूच छडा लाव बाबा. मला रात्रीची झोप नाही.” त्यानं आपली डिस्क, लॅपटॉप, कॅमेरा सगळं टेबलावर आणून ठेवलं. “जे बघायचं ते बघ. पासवर्ड सुकन्याचा वाढदिवस.”

चोर सहसा इतका उदार नसतो. देवदत्तनं त्याच्याकडे नीट पाहिलं. हिवाळ्यात सत्यजितच्या कंपनीनं अर्धा विभाग बंद केला, त्यालाही क्युंडिगुंग, म्हणजे नोकरी संपल्याचं पत्र, हातात पडलं, आणि त्यानंतर हा माणूस सोफ्यावरून उठायचा बंद झाला होता. दाढी वाढलेली, फोन न उचलणारा. आज दाढी गुळगुळीत होती आणि टेबलाच्या कडेला इस्त्रीचा शर्ट लटकत होता.

“गुरुवारी हेर्त्सोगेनआउराखच्या एका कंपनीत इंटरव्ह्यू आहे,” तो म्हणाला. “बक्षीस मिळालं ना, तेव्हापासून काहीतरी सुटल्यासारखं झालंय. वाटलं, आपण अगदीच टाकाऊ नाही.” मग त्याचा चेहरा कठोर झाला. “आणि ही पोरगी त्याच्यावरच घाव घालते.”

“तू तो क्षण सांग ना. काढलास तेव्हाचा.”

“अरे, पिल्लू घसरत होतं. मी श्वास रोखला. कानाला थेंब आला आणि मी बोट दाबलं. अजून दिसतं मला.” सांगताना त्याचे डोळे चमकले. हा खोटं बोलत असेल तर फारच पोचलेला माणूस, देवदत्तच्या मनात आलं. “सुधारणाबिधारणा मला विचारू नकोस. मी फक्त शटर दाबतो, निवडणं आणि सुधारणं सुकन्याकडे.”

सुकन्या चहा घेऊन आली. प्रत्येक कपाचा कान पाहुण्याच्या उजव्या हाताला येईल असा तिनं ट्रे वळवला. घरही तसंच होतं, पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली, चार्जरच्या वायरींना नावाच्या चिठ्ठ्या.

“मूळ फाइल का नाही ठेवलीस गं?” देवदत्तनं सहज विचारलं.

“डिस्क भरत आली होती. निवडलेल्याचं सुधारलेलं चित्र ठेवलं आणि मूळ पुसली. चूक झाली.”

“चौकट कापली होती का?”

“नाही. क्लबचा नियमच आहे, चौकट कापलेली चालत नाही.” कॅमेऱ्यावरून रुमाल फिरवत ती पुढे म्हणाली, “याच्या फोटोंना फार काही करावंच लागत नाही. गेल्या दसऱ्यानंतर लगेच सर्व्हिसमध्ये देऊन आतून साफ करून आणलाय मी. एक कण सापडायचा नाही.”

देवदत्तनं लॅपटॉपवर त्या दुपारचं सत्यजितचं फोल्डर उघडलं. शेकडो फाइल होत्या. हललेल्या, वाकड्या, अस्वलाचं अर्धंच अंग आलेल्या, तरीही एकेक जपून ठेवलेल्या. ज्या बाईनं हा सगळा कचरा ठेवला, तिनं नेमकी सोन्यासारखी फाइल जागेअभावी पुसली. देवदत्तनं चहाचा घोट घेतला.

“बरं, ती खांद्यावरची जखम,” तो दोघांकडे बघत म्हणाला. “कशाची असेल?”

“मला नाही बुवा आठवत,” सत्यजित म्हणाला.

“होती की!” सुकन्या पटकन म्हणाली. “मी दुर्बिणीतून पाहिली ना. नरानं पंजा मारला असणार. मी म्हटलंसुद्धा तेव्हा.”

काकांच्या व्हिडिओत सगळ्यांचा आवाज होता. असं कुणीही काही म्हटलं नव्हतं. सुकन्यानं जी पाहिली म्हणून सांगितलं, ती जखम त्या अस्वलिणीला नव्हतीच.

५

खोटं कोण बोलतंय हे कळलं, तरी शुक्रवारी क्लबपुढे ठेवायला ते पुरेसं नव्हतं. सुकन्या म्हणाली असती, मला तसं वाटलं. संपलं.

देवदत्त बुधवारी दुपारी घरीच, लॅपटॉपसमोर बसून होता. स्वयंपाकघरात ऊर्मिलाचा आईशी व्हिडिओकॉल चालला होता. कुंदाबाई गेल्या वर्षी तीन महिने इथे राहून गेल्या होत्या. देवदत्तला त्या प्रेमानं देवदत्तराव म्हणत आणि त्याच प्रेमानं त्याचं ऐकत नसत.

“देवदत्तराव, यंदा दसऱ्याला कॅमेरे पुजणार ना?” फोनमधून हाक आली. “पण मी सांगते तसं करा हं. लेन्स वेगळी, कॅमेरा वेगळा मांडायचा. दोघांना हळदकुंकू पोचलं पाहिजे.”

“आई!” ऊर्मिला ओरडली. “त्याच्यावरून केवढा गोंधळ झाला होता गेल्या वर्षी!”

झाला होता खरा. खंडेनवमीला शस्त्रं पुजायची, आणि या मंडळींची शस्त्रं म्हणजे कॅमेरे. सगळे इथे जेवायला जमले होते. पाटावर चार कॅमेरे मांडलेले. सगळे पानं वाढण्यात गुंतले असताना कुंदाबाईंनी प्रत्येकाची लेन्स फिरवून काढली आणि उघड्या कॅमेऱ्यांवर भक्तिभावानं चिमटीचिमटीनं हळदकुंकू वाहिलं. आतलं चित्र टिपणारं नाजूक सेन्सर तसंच उघडं होतं. सत्यजित जवळजवळ रडला होता. देवदत्तनं आठवडाभर सासूबाईंशी बोलताना दात आवळून धरले होते.

आता तो ताडकन उठला. “आई, तुमचे पाय कुठे आहेत?”

“अगंबाई, का?”

“धरायचेत.”

त्याच्या कामातला पहिला धडाच होता तो. एकच खूण प्रत्येक भागावर एकाच जागी सापडली, तर दोष भागात नसतो. तो यंत्रात असतो. जखम अस्वलिणीवर नव्हती, ती कॅमेऱ्यात होती!

त्यानं अपूर्वाला बोलावलं, तिच्या ट्रिपच्या बाकीच्या दिवसांच्या मूळ फाइल घेऊन. तिच्या प्रोग्रॅममधून न काढलेल्या. पहिली उघडली, नुसत्या ढगाळ आभाळाची. देवदत्तनं चित्राचा उठाव वाढवला, तशी चौकटीच्या उजव्या बाजूला, मध्याच्या जरा वर, एक फिकट करडी सावली उमटली. वाटोळी. तिच्या डोक्यावर दुसरी छोटी. दुसरी फाइल समुद्राची, सावली त्याच जागी. तिसरी डोंगराची, त्यातही होती.

“शी!” अपूर्वा पुढे झुकली. “इतकी घाण आहे माझ्या कॅमेऱ्यात?”

“कुंकू आहे. लाल दिसत नाही, कारण फोटोत नुसती त्याची सावली पडते. तू कॅमेरा साफ करून आणला नाहीस?”

“कशाला? माझा प्रोग्रॅम पुसतो ना धूळ.” बोलता बोलताच ती थांबली. रोज आपोआप पुसला जाणारा डाग तिच्या लक्षातच राहिला नव्हता, आणि तिचे सुधारलेले फोटो बघणाऱ्या इतर कुणाला तो कधी दिसलाही नव्हता.

“त्या दुपारी लेन्सचं तोंड बारीक ठेवलं होतंस का?”

“हो. आई आणि पिल्लू दोघंही स्पष्ट यायला हवी होती.”

“तोंड बारीक केलं की धुळीची सावली ठळक पडते. आणि उजेड कमी, म्हणून चित्र दाणेदार आलं. ते साफ करायला सॉफ्टवेअर जोरात चालवावं लागलं. केसांमध्ये दोन गोल सावल्या बघून त्याला वाटलं, इथे काहीतरी आहे. त्यानं त्या रेखीव करून दिल्या. आभाळात असत्या तर पुसणाऱ्याला खटकल्या असत्या. अस्वलाच्या अंगावर त्या जखमेसारख्या दिसल्या.”

त्यानं प्रदर्शनातला फोटो त्या आभाळाच्या चौकटीवर ठेवला. चौकट कापलेली नव्हती, त्यामुळे दोन्ही तंतोतंत जुळल्या. मोठी जखम मोठ्या डागावर, छोटी छोट्यावर. सत्यजितकडून कॉपी करून आणलेल्या फाइलीही त्यानं तशाच तपासल्या. सुकन्या म्हणाली तसा त्यात एक कणही नव्हता.

अपूर्वा रडायला लागली. ऊर्मिलानं तिला जवळ घेतलं. “आत्ताच प्रोफेसरांना फोन कर,” ती म्हणाली.

“उद्या संध्याकाळपर्यंत थांब,” देवदत्त म्हणाला. “सत्यजितला हे माहीत नाही, अशी मला शंका येतेय.”

६

गुरुवारी सत्यजित इंटरव्ह्यूला गेला होता. सुकन्या घरून काम करत होती. देवदत्तनं दोन्ही चित्रं तिच्यासमोर ठेवली आणि डागांचं सगळं सांगितलं. ती वाद घालेल अशी त्याची तयारी होती. तिनं फक्त लॅपटॉपचं झाकण हळूच मिटलं.

“तुम्ही त्याला मार्चमध्ये रोज पाहिलं नाहीत,” ती म्हणाली. “आंघोळीला जा म्हणून सांगावं लागायचं. ट्रिपचे पैसे आधीच भरलेले, म्हणून ओढून नेलं. परत आल्यावर त्यानं स्वतःचे फोटो पाहिले आणि म्हणाला, एकही धड नाही, माझ्यासारखेच. कॅमेरा कपाटात टाकला. मी डिस्कवर बघत होते, अपूर्वाच्या फोल्डरमध्ये हा सापडला. मी तो सुधारला. नुसता बघत होते हो. तेवढ्यात हा मागून आला आणि म्हणाला, हा मी काढला?”

“आणि तू हो म्हणालीस.”

“किती महिन्यांनी हसला होता तो!” तिनं ओठ घट्ट मिटले. मग म्हणाली, “घरातच राहील असं वाटलं होतं. यानं मला न सांगता स्पर्धेला पाठवला. मग मी घाबरले आणि अपूर्वाचं फोल्डर पुसलं.”

“त्यानं तुला तो क्षण सांगितलाय? श्वास रोखला, थेंब आला?”

“मला रोज सांगतो. आधी विचारायचा, तेव्हा मीच थोडं थोडं सांगत गेले. आता त्याला ते आठवतं.” तिनं वर पाहिलं. “देवदत्त, त्याला कळू देऊ नका. मी काहीतरी कारण सांगून फोटो मागे घेते. आज कुठे तो उभा राहतोय.”

देवदत्तला तिचा राग यायला हवा होता. आला तो अर्धाच. “त्या पोरीला त्यानं भर हॉलमध्ये खोटारडी म्हटलंय, सुकन्या. काहीतरी कारणानं ते पुसलं जात नाही. उद्या मी क्लबला हे दाखवणार आहे. त्याला आज तू सांग. माझ्याकडून कळलं तर जास्त वाईट.”

शुक्रवारी सकाळी देवदत्त क्लबमध्ये पोचला तेव्हा सत्यजित त्याच्याआधी येऊन सगळं सांगून गेला होता. पाटीवर अपूर्वाचं नाव चढलं होतं. प्रोफेसर अपूर्वाकडून सगळं ऐकून त्या दोन डागांपुढे खुर्ची ओढून बसले होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हा तपास कसा लागला ते समजावून सांगत होते. बोलणं कानावर पडलं की अपूर्वा लाजून दुसरीकडे बघत होती.

दुपारी सत्यजित आणि सुकन्या देवदत्तच्या घरी आले. अपूर्वा आधीच तिथे होती. सत्यजितनं बूट काढले आणि तो सरळ तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

“चारचौघांत बोललो होतो तुला. चारचौघांत माफी मागतो. मी खोटं बोलत नव्हतो गं, पण म्हणून तुझं नुकसान काही कमी होत नाही.”

“दादा, इंटरव्ह्यू कसा झाला?” अपूर्वानं विचारलं.

“चांगला झाला. त्यांनी छंद विचारला. मी अस्वलिणीची गोष्ट सांगितली.” तो हसण्याचा प्रयत्न करत खाली बसला. “ती अजून दिसते मला. थेंब, श्वास, सगळं. हे आता कुठे ठेवू मी?”

ऊर्मिला उगीच कप गोळा करायला लागली. सुकन्या दाराजवळच्या खुर्चीत पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती.

सत्यजितनं लॅपटॉप उघडला. त्या दुपारचं स्वतःचं फोल्डर काढलं आणि एकेक फोटो सरकवत गेला. एका जागी तो थांबला. क्षितिज तिरकं झालेलं, अस्वलीण चौकटीच्या पार कडेला, पिल्लू हललेलं. पण आईचा चेहरा मात्र कॅमेऱ्याकडे वळलेला आणि डोळे लख्ख आलेले. कुणीही हात न लावलेला फोटो.

“हा बरा आहे,” तो म्हणाला. “हा माझा आहे ना?”

“हो,” सुकन्या घाईनं म्हणाली. “तुझाच आहे.”

सत्यजितनं तिच्याकडे पाहिलं नाही. त्यानं लॅपटॉप देवदत्तकडे फिरवला.

“तू सांग.”